मंडळाचा कान

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांचे दात घडवण्यात घालवलं होतं. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेत आणि मागच्या खोलीत कवळीवाले त्या मापावरून कवळी बनवत. साचा ओतायचा, दात लावायचे आणि मग हातातल्या छोट्या मशीननं घासून ती इतकी गुळगुळीत करायची की जिभेला कुठे काही लागता कामा नये. ते मशीन भयंकर किंचाळायचं. शेजारच्या औषधवाल्यानं त्यावरून भांडणही काढलं होतं, पण कवळीवाल्यांना त्याचा त्रास नव्हता. कामाचा आवाज टोचतो तो काम न करणाऱ्याला, असं त्यांचं मत होतं, आणि मतांची त्यांच्याकडे कधी टंचाई नव्हती.

डोळे अधू झाले, बोटांना बारीक कंप सुटला, तेव्हा त्यांनी ते काम आपणहून सोडलं. आपल्यामुळे कुणाची हिरडी सोललेली त्यांना चालली नसती. लोकांना वाटलं, आता हा गृहस्थ खुर्चीत बसून गंजणार. पण कवळीवाल्यांचा दुसरा संसार घराच्या मागच्या खोलीत केव्हाचा मांडलेला होता. तिथे ते व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवत.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या त्या जुन्या नळ्या, ज्यांच्यावर एके काळी घरोघरचे रेडिओ चालत. आतली तार तापून तांबूस होते, आणि रेकॉर्डवरचा इवलासा आवाज त्यातून मोठा होऊन स्पीकरपर्यंत पोचतो. जगानं या नळ्या कधीच मोडीत काढल्या. आता नखाएवढा तुकडा तेच काम करतो, आणि तापतही नाही. पण मोडीत निघालेल्या गोष्टींवर जीव टाकणारी माणसं सगळीकडे असतात, आणि ती एकमेकांना बरोबर हुडकून काढतात.

खोलीत खिडकीखाली लांबलचक टेबल होतं. त्यावर कवळीचं मेण ज्या डब्यांतून यायचं त्याच डब्यांत आता रेझिस्टन्स आणि कंडेन्सर भरलेले होते. मेण कोरायची सुरी तारांचं आवरण सोलायला, दातांचे चिमटे तारा पकडायला, आणि आतलं काही दिसेनासं झालं की तोंडात घालायचा तो छोटा आरसा. कवळीला चालत नाही अशी थरथर सोल्डरिंगला, म्हणजे तारा डाग देऊन जोडायला, चालून जाते. फक्त विजेची मात्र त्यांना धास्ती होती. तरुणपणी पहिलंच यंत्र उघडताना, बटण बंद आहे एवढ्या भरवशावर त्यांनी आत बोट घातलं होतं. बटण बंद असलं तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे ज्ञान त्यांना जमिनीवर बसल्या बसल्या झालं. तेव्हापासून उघड्या यंत्राशी काम करताना त्यांचा डावा हात पँटच्या खिशात असे. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरते ती काळजातून जाऊन दुसऱ्या हातानं बाहेर पडते, म्हणून ही खबरदारी. लांबून बघणाऱ्याला मात्र हा माणूस मोठ्या ऐटीत काम करतोय असं वाटायचं.

बायकोला ते ऑपरेटरबाई म्हणत. चेष्टेनं सुरू झालेलं हे नाव पुढे घरातच मुरलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, डोक्याला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारी. घरी आली की तिला काही म्हणजे काही ऐकायचं नसे. इकडे कवळीवाल्यांना ॲम्प्लिफायर पारखताना खोलीत दुसरं माणूस नको असे. त्यामुळे लग्नानंतर न बोलता एक करार होऊन गेला. खोलीत गाणं सुरू झालं की ऑपरेटरबाई आपलं विणकाम उचलून मागच्या ओसरीवर जायची आणि दार ओढून घ्यायची. भांडण नाही, तक्रार नाही. दोघंही निवृत्त झाली तरी तो करार तसाच चालू राहिला. कवळीवाल्यांच्या मते तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

विचारायला त्यांचं मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी गावातले चारपाच व्हॉल्व्हवाले घड्याळजींच्या घरी जमत. हे घड्याळजी बाजारात घड्याळं दुरुस्त करत आणि घरी दिवाणखान्यावर त्यांचंच राज्य होतं. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात जुनी चादर दोरीवर टाकायची, चादरीमागे सगळ्यांचे ॲम्प्लिफायर मांडायचे, आणि एकच गाणं एकेकावर वाजवायचं. आपला कोणता, दुसऱ्याचा कोणता हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, म्हणजे मैत्री आड येत नाही. गाणं संपलं की ज्यानं त्यानं आपलं मत द्यायचं, आणि शेवटचा शब्द कवळीवाल्यांचा. ते डोळे मिटून बसत आणि सांगत, पहिला आवाज छातीतून येतोय, दुसरा नाकातून. मग चादर बाजूला केली की दुसऱ्यातला एखादा व्हॉल्व्ह खरोखरच दम तोडत असलेला निघे. मंडळात त्यांना कान म्हणायचे. कवळीवाले, नवरा, गल्लीतला म्हातारा, ही सगळी नावं लोकांनी दिलेली होती. कान ही एकच पदवी अशी होती की जी त्यांनी स्वतः मिळवली होती. डोळे गेले, हात गेले, पण कान आहे ना, असं ते स्वतःला दिवसाआड सांगत. माणसानं एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगावेत तसा त्यांनी सगळा अभिमान या एका गोष्टीवर टांगून ठेवला होता.

त्या वर्षी त्यांनी जो ॲम्प्लिफायर बनवायला घेतला होता तो आजवरचा सगळ्यात अवघड होता. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा त्यांनी स्वतः गुंडाळली होती, एकेक वेढा मोजत, मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र वाजलं, उत्तम वाजलं, पण कवळीवाल्यांचं समाधान होईना. आवाजावर काहीतरी पातळ पडदा आहे असं त्यांना वाटे. गाणारी बाई खोलीत आहे, पण पलीकडे उभी आहे.

पडदा त्यांना नवा नव्हता. गेली काही वर्षं प्रत्येक यंत्रात तो दिसायचा आणि दर वेळी ते तो फेडायचे. एक कंडेन्सर बदलला की आठवडाभर आवाज कसा लख्ख वाटे, मग पुन्हा पडदा. या खेपेला त्यांनी सगळं करून पाहिलं. व्हॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या, वरच्या सुरांना वाट मोकळी करून दिली. शेवटी त्यांची नजर फीडबॅकवर गेली. बाहेर पडलेल्या आवाजातला थोडासा भाग उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारतं, अशी ती सोय असते. तिच्यावर एक चिमुकला कंडेन्सर असतो, लगाम म्हणून. अगदी वरच्या सुरात यंत्र उधळू नये एवढंच त्याचं काम. कवळीवाल्यांनी ठरवलं, पडदा हाच. त्यांनी तो कंडेन्सर उपटून काढला, रेकॉर्ड लावली, आणि बाई दोन पावलं पुढे आली. त्या दिवशी ते जेवताना गुणगुणत होते. ऑपरेटरबाई त्यांच्याकडे बघून हसली आणि तिनं आणखी थोडं वाढलं.

पुढच्या रविवारी चादरीमागे तो ॲम्प्लिफायर वाजला तेव्हा मंडळ खूश झालं. बेकरीवाले, ज्यांच्या बेकरीत कणीक मळायचं यंत्र पहाटेपासून धडधडत असे, त्यांनी मांडीवर थाप मारली. घड्याळजी म्हणाले, असा स्वच्छ आवाज आपल्या मंडळात कधी झाला नाही. कवळीवाल्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाचं कौतुक चाललंय. शेजाऱ्यांचं कुत्रं रोज उंबऱ्यात पडून असे, ते उठलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलं. त्यावर बेकरीवाल्यांनी सांगितलं की कुत्र्यांना गाण्यातलं कळत नाही.

मग घड्याळजींची सून चहा घेऊन आली. ती घरात आली तेव्हापासून या रविवारांची चहावाली तीच होती, आणि ट्रे ठेवला की लगेच आत जायची. आज ती दारात थांबली. तिनं विचारलं की कुठे काही शिट्टी वाजतेय का, स्वयंपाकघरात तर गॅस बंद आहे. सगळ्यांनी कान टवकारले. शिट्टी कुणालाच ऐकू आली नाही. घड्याळजी तिला म्हणाले, तुला वेळीअवेळी काहीतरी ऐकू येतं. पण नियम म्हणून सगळ्यांनी कवळीवाल्यांकडे पाहिलं, कारण शेवटचा शब्द त्यांचा. कवळीवाल्यांनी नीट ऐकलं आणि सांगितलं, शिट्टीबिट्टी काही नाही. सून बरं म्हणाली आणि आत गेली.

घरी येताना मात्र त्यांच्या डोक्यात कुठेतरी ते अडकून राहिलं. कुत्र्याचं सोडा, पण सून काही खोडसाळ नव्हती. दुपारी त्यांनी खोलीत ॲम्प्लिफायर मांडला आणि नुसता चालू केला. गाणं लावलंच नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तोवर ते ऑपरेटरबाईकडे बघत राहिले. ती पलीकडच्या खोलीत दाराशी बसून विणत होती. नळ्या तांबूस झाल्या आणि तिनं विणकाम उचललं. घर अगदी शांत होतं. तरीही ती उठली, ओसरीकडे निघाली आणि जाता जाता तिनं एका कानावर तळहात दाबला.

त्यांनी तिला थांबवून विचारलं, कुठे चाललीस, गाणं तर लावलेलं नाही.

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "शिट्टी वाजतेय ना. हल्ली हे चालू केलं की वाजतेच."

कवळीवाले चिडले. आधी त्यांनी तिच्या कानांना दोष दिला, उभा जन्म हेडफोन लावून तुझे कान गेले म्हणाले. ती विणकाम हातात धरून दाराशीच उभी राहिली. मग त्यांनी मीटर काढला. मीटर ते फक्त व्होल्ट मोजायला वापरत, आवाज पारखायला मीटर घेणं म्हणजे जेवण वजनकाट्यावर चाखणं, असं ते मंडळात सगळ्यांना ऐकवत. त्यांनी मीटरच्या दोन तारा स्पीकरच्या टोकांना लावल्या. गाणं नाही, आवाज नाही, म्हणजे काटा शून्यावर झोपलेला पाहिजे. काटा निम्म्यावर उभा होता. त्यांनी मीटर ठोकून पाहिला, तारा काढून पुन्हा लावल्या. काटा पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिला, न हलता. लगाम काढलेलं यंत्र उधळलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या हातभर अंतरावर किंचाळत होतं, आणि त्यांच्या कानावर काही म्हणजे काही पडत नव्हतं.

त्यांनी बटण बंद केलं. काटा हळूहळू खाली आला. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता थांबली," ऑपरेटरबाई म्हणाली.

ते स्टुलावर बसले. शिट्टीचं दुःख त्यांना नव्हतं, तो चिमुकला कंडेन्सर परत लावला की शिट्टी जाणार होती. पण इतक्या वर्षांचा तो पडदा कुठल्या यंत्रात नव्हताच, हे त्यांना आता कळलं. पडदा त्यांच्या स्वतःच्या कानावर पडत होता, दर वर्षी थोडा थोडा, आणि ते बिचाऱ्या यंत्रांना शिक्षा करत होते. वरचे सूर ऐकू येईनात म्हणून ते वाढवत गेले, आणि पुरेसे वाढवले की लख्ख झालं म्हणून खूश होत गेले. मंडळातले सगळेच त्यांच्या वयाचे. सगळ्यांच्या कानांवर एकाच चालीनं पडदा उतरत होता, आणि सगळे मिळून एकमेकांना शाबासकी देत होते. याच्याइतकं हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण कवळीवाल्यांना हसू आलं नाही. त्यांना रडावंसं वाटलं, आणि तेही जमलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून पहिलाच प्रश्न केला की काम काय करत होता. कवळी घासायचं मशीन म्हटल्यावर त्यांनी नुसती मान डोलावली. गेलेलं परत येत नाही, कानात घालायचं यंत्र मिळतं, त्यानं बोलणं नीट ऐकू येईल, असं त्यांनी सांगितलं. कवळीवाले बघू म्हणाले. तोंडावर रुमाल धरून येणाऱ्या किती माणसांना त्यांनी आजवर समजावलं होतं की दात पडण्यात लाजायचं काय, वय कुणाला सुटलंय. तेव्हा ते किती सहज बोलून जात. आता घरी आल्यावर त्यांनी टेबलावर चादर टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी ते मंडळात गेले नाहीत. घड्याळजींचा निरोप आला, तर पोट बिघडलंय असं कळवलं.

ऑपरेटरबाईनं पुष्कळ दिवस हे चालू दिलं. नवरा खुर्चीत बसून वर्तमानपत्राचं एकच पान वाचतोय, चहा थंड होतोय, खोलीचं दार बंद आहे. घरात अशी शांतता तिनं नोकरीच्या दिवसांत देवाकडे मागून घेतली असती. आता ती तिला सोसवेना. एक दिवस दुपारी तिनं दार उघडलं, टेबलावरची चादर झटकून घडी केली आणि स्पीकरसमोरच्या त्या एकुलत्या एका खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत आजवर कवळीवाल्यांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं.

"तुम्ही दुरुस्त करा," ती म्हणाली. "मी ऐकते."

त्यांनी तिला सांगायचा प्रयत्न केला की यात वरचे सूर, खालचे सूर, बारीक फरक असतात, तुला ते कळायचं नाही. ती म्हणाली, मला लाइनवरचा आवाज कळतो, तेवढं पुरे. मग नाइलाजानं त्यांनी डाग द्यायची लोखंडी सळई तापत ठेवली, डावा हात खिशात घातला आणि लगामाचा कंडेन्सर परत जागेवर बसवला. शिट्टी गेली. तिथून खरी कसरत सुरू झाली. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, ट्रंककॉलवर लोक तारेत आवाज पोचावा म्हणून ओरडून बोलायचे, तसं आहे. ते कोड्यात पडले. हे कुठल्या कंडेन्सरचं वर्णन म्हणायचं? अंदाजानं त्यांनी काही महिन्यांपूर्वी केलेला एक बदल काढून टाकला. आता बाई जरा शांत झाली, ऑपरेटरबाई म्हणाली, पण रिसीव्हर अजून दातांजवळ धरलाय, स चा प्रत्येक उच्चार कानाला ओरखडतो. त्यांनी आणखी एक काढला.

हे बरेच दिवस चाललं. तिची भाषा त्यांना हळूहळू समजायला लागली. रिसीव्हर दातांजवळ म्हणजे अमुक कंडेन्सर, बोलणारा दुसऱ्या खोलीत म्हणजे फार पुढे गेलो, एक पाऊल मागे. पण एकेक बदल काढताना त्यांचा जीव तुटत होता. ती सगळी त्यांची मेहनत होती. आणि जसजसं तिला बरं वाटत होतं तसतसा त्यांच्या कानांना आवाज मिटत चालला होता. गाणारी बाई त्यांच्यापासून एकेक पाऊल मागे जात होती, दाराबाहेर, मग रस्त्यावर. एका दुपारी ऑपरेटरबाई म्हणाली, थांबा. ते थांबले. ती पूर्ण गाणं ऐकत बसली, विणकाम मांडीवर पडून राहिलं. त्यांना जे ऐकू येत होतं ते गादीखाली ठेवलेल्या रेडिओसारखं होतं.

"हे बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"हे बरोबर आहे. कुणीतरी समोर बसून गातंय."

आतापर्यंतचे सगळे डाग त्यांनी कच्चे ठेवले होते, म्हणजे वाटलं तर मागे फिरता यावं. सळई हातात घेऊन ते उभे राहिले. एवढ्या एका निर्णयावर त्यांचं सगळं कौशल्य तिच्या हवाली होणार होतं, आणि हे यंत्र पुन्हा कधी त्यांच्या स्वतःच्या कानांना गोड लागणार नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग त्यांनी वाकून एकेक डाग पक्का केला.

पुढच्या रविवारी दोघं मिळून घड्याळजींच्या घरी गेली. मंडळात आजवर कुणाची बायको आलेली नव्हती, त्यामुळे सगळे उगाच सावरून बसले. चादरीमागून कवळीवाल्यांचा ॲम्प्लिफायर वाजला तेव्हा बेकरीवाले म्हणाले, याला सर्दी झालीय. घड्याळजींना तो आवाज मेलेला वाटला. सगळ्यांनी मिळून त्याला शेवटचा नंबर दिला आणि सवयीप्रमाणे कवळीवाल्यांकडे पाहिलं.

कवळीवाल्यांनी डोळे उघडेच ठेवले होते. त्यांनी सांगितलं, "मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. डॉक्टरांनी तपासलंय. गेली कितीतरी वर्षं मी तुम्हाला अंदाजानं सांगतोय, आणि मला वाटतं तुमचंही तेच झालंय."

बेकरीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तुझं गेलं म्हणून आमचंही गेलं का, असं त्यांनी विचारलं. कवळीवाल्यांनी वाद घातला नाही. एवढंच सुचवलं की आज शेवटचा शब्द ऑपरेटरबाईंचा असू दे. तीन यंत्रं पुन्हा वाजली. ती मान खाली घालून ऐकत होती, एक्स्चेंजमध्ये ऐकायची तशी, चेहऱ्यावर काही न दाखवता. मग तिनं सांगितलं की पहिल्यावर बाई माझ्या कानात ओरडतेय, तिसऱ्यावर त्याहून जास्त, मधल्यावर ती गातेय. चादर बाजूला केली. पहिलं यंत्र बेकरीवाल्यांचं होतं, तिसरं घड्याळजींचं. बेकरीवाले काहीतरी पुटपुटले आणि आपल्या यंत्राचं झाकण लावायला लागले.

घड्याळजी मात्र आपल्या यंत्राकडे बघत होते. या घरात ते रोज संध्याकाळी गाणी लावत आणि सून आतल्या दाराला कडी घालून घेई. यावरून त्यांनी मुलाला कितीदा ऐकवलं होतं की तुझ्या बायकोला गाण्याचं वावडं आहे. आता ते आतल्या दाराकडे वळले. सून तिथेच उभी होती, रिकामा ट्रे घेऊन.

"तुला हे टोचतं?" त्यांनी विचारलं.

तिनं आधी मान खाली घातली. मग म्हणाली, "हो, बाबा."

"कधीपासून?"

"मी या घरात आले तेव्हापासून."

घड्याळजी उठले, त्यांनी आपला ॲम्प्लिफायर उचलून कवळीवाल्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आतली खुर्ची आणून सुनेला स्पीकरसमोर बसायला सांगितलं. ती इतकी संकोचली होती की खुर्चीच्या कडेवरच टेकली.

कवळीवाले आणि ऑपरेटरबाई घरी निघाली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. ट्रान्सफॉर्मरमुळे ॲम्प्लिफायर दगडासारखा जड, म्हणून एका बाजूनं त्यांनी धरला होता, दुसऱ्या बाजूनं तिनं. वळणावर आल्यावर त्यांनी इतके दिवस टाळलेला प्रश्न विचारला. सुनेचं ठीक आहे, ती सासऱ्यांना काय बोलणार, पण तू मला का नाही सांगितलंस?

ती चालता चालता थोडं थांबली, धाप लागली होती.

"टोचायचं खरं," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या खोलीतून बाहेर यायचात ना, गाणं ऐकून, तेव्हा तुमच्याकडे नुसतं बघत बसावंसं वाटायचं. मी बोलले असते तर ते गेलं असतं."

पत्र्याची कड रुतून तिचा हात लाल झाला होता, तो कवळीवाल्यांना दिसला. त्यांनी ॲम्प्लिफायर खाली ठेवायला लावला, बाजू बदलून कडेची बाजू आपल्याकडे घेतली, आणि दोघं पुन्हा चालू लागली.